तुर्सुन नानवाईचं बयान

रविवार, १४ फेब्रुवारी १९६५

अर्ध्यातूनच उठले. दौत लवंडली, चटईवर शाई सांडली, पुसली नाही. सांडू दे!

अब्बांनी आज भट्टी दुपारीच विझवली होती. तसं कारणही होतं. श्रीनगरहून अंजुमनचं उर्दू परिपत्रक आलंय. चिनी राजवटीपायी घरदार सुटलेल्या, काशगरकडच्या तुर्किस्तानी उइगर लोकांची ही संस्था. अब्बा वर्षातून दोनदा तिला पत्र लिहितात. परिपत्रकात म्हटलंय की देश सुटलेल्या प्रत्येक उइगराने बयान द्यावं. नाव, गाव, धंदा, मागे कोण राहिलं, त्यांचं काय झालं. इंग्रजीत द्यावं, म्हणजे सगळी बयानं एकत्र करून राष्ट्रसंघाच्या दारी ठेवता येतील. अब्बांना उर्दू येते, इंग्रजी येत नाही. म्हणून मी. मोठ्या अभिमानाने मांडी घालून बसले होते.

सुरुवातीचं मला पाठच होतं. नाव तुर्सुन. काम नानवाई, म्हणजे भट्टीत नान भाजायचं. गाव आतुश, काशगरजवळ. १९३८ साली हजला निघाले, परतताना मुंबईत कळलं की गावाकडे गोळ्या चालल्यात, रस्ते बंद आहेत. मग मुंबईहून खामगाव, कापसाच्या प्रेसमध्ये हमाली, मग स्टेशनाजवळ स्वतःची भट्टी. मी भरभर लिहीत होते. विचारलं, मागे कोण राहिलं? मला वाटलं, म्हातारी आई म्हणतील. लहानपणापासून तेच ऐकत आलेय.

ते म्हणाले, "लिव बेटी. बीवी रोशनगुल. पोरगी आयनूर, दोन सालाची."

मी म्हटलं, "कोणाची बीवी?"

"माह्यी."

ही वही मराठीत आहे ते बरं. या घरात मराठी वाचणारी मी एकटीच आहे.

१५ फेब्रुवारी

शाळेत माझ्या तिसरीच्या पोरींवर उगाच ओरडले. शेजारच्या वर्गावरची पुष्पाबाई म्हणाली, "जहांआरा, बरं नाही काय वं?" डोकं दुखतंय म्हटलं. दुखतही होतं.

बुधवार, १७ फेब्रुवारी

दोन दिवस अब्बांशी बोलले नाही. आज ते भट्टीवर गेल्यावर अम्माला गाठलं. वाटलं होतं, बिचारीला सांगायचं कसं. शब्द जुळवून ठेवले होते. ती भाकरी थापत होती. मी कशीबशी दोन वाक्यं बोलले, तर तिने हातसुद्धा थांबवला नाही.

"मले मालूम हाये. निकाहाच्या आंधीच सांगतलं होतं त्यायनं. माह्या बापालेबी सांगतलं होतं, सोनाळ्याले येऊन."

म्हणजे अम्माला माहीत. नानांना माहीत. मामांना माहीत असणारच. मला तेवढं नाही!

"मग मला काऊन नाही सांगितलं?" रागाच्या भरात माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

"म्हणत होती मी त्याईले, सांगून टाका म्हणून. पण तू तवा त्यायच्यासाठी ठाण्यात भांडून राह्यली होती. साऱ्या गावात सांगत होती का माह्या अब्बाले कोणी नाही म्हणून. तवा सांगू?"

हो, भांडत होते. बासष्टच्या लढाईत गल्लीतली पोरं अब्बांना "चिनी, चिनी" म्हणत भट्टीवर दगड मारायची. महिनाभर कोणी आमचा नान घेतला नाही. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लागली. अब्बांना धड बोलता येईना, मग मीच कागद घेऊन जायची. जमादारासमोर उभं राहून सांगायची — हे चिनी नाहीत, चिन्यांनी यांचं सगळं घेतलं, यांना या जगात आम्हा दोघींशिवाय कोणी नाही. एकदा तर रडले होते सांगताना. जमादाराने पाणी दिलं होतं.

त्याच साली मलकापूरच्या जब्बारचं स्थळ आलं. माणूस चांगला होता, रेल्वेत नोकरीला. मी नाही म्हटलं. सोमवारी अब्बांबरोबर ठाण्यात कोण जाणार? तेव्हाही अब्बा गप्पच बसले. एका शब्दाने म्हणाले नाहीत की बेटी, तू जा.

दोन बायका असणं आमच्यात गुन्हा नाही. मला तेही म्हणायचं नाही. पण मी त्यांची एकुलती एक म्हणून बावीस वर्षं मिरवले, आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं की मी दुसरी आहे. माझ्या पाठीमागे हे सगळे माझ्याकडे कसे बघत असतील?

रविवार, २१ फेब्रुवारी

पुन्हा लिहायला बसले. बसावं लागलं, मार्चच्या मध्यापर्यंतचीच मुदत आहे. म्हटलं, बोला, मी फक्त लिहिणार.

आणि बोलले की! मला कधी इतकं सांगितलं नाही. रोशनगुल उंच होती. पीठ मळताना गायची. आयनूरला निघायच्या दिवशी गोवर आला होता, म्हणून तिला उचलून घेतलं नाही, दारातूनच पाहिलं. शेवटचं पत्र १९५० साली आलं, एका हाजीच्या हाती, वर्षभर फिरत. त्यात होतं, आयनूर शाळेत जाते, तिला वडिलांचं नाव विचारतात. त्यानंतर काही नाही. पंधरा वर्षं काही नाही. बोलता बोलता डोळे गळत होते आणि पुसायचंही भान नव्हतं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"तू लहान होती. मंग मोठी झाली. मंग लय उशीर झाला, बेटी."

एवढंच. झालं! माझ्या वाट्याला तीन वाक्यं आणि तिच्या वाट्याला तीन पानं.

उठताना म्हणाले, "ते दोन नावं नीट लिव. कागदावर नाव नसलं तं ते म्हणतीन, अशी कोनी बाई नव्हतीच, अशी कोनी पोरगी नव्हतीच. अंजुमन त्याच्यासाठीच हाये."

हो म्हटलं.

रविवार, २८ फेब्रुवारी

इंग्रजीत पक्की प्रत केली. गाव, धंदा, हज, बंद झालेले रस्ते, आईचा मृत्यू, भावाची जप्त झालेली जमीन. सगळं लिहिलं, शब्दकोश काढून लिहिलं. फार चांगलं झालंय, मी म्हणते म्हणून नाही.

मागे राहिलेली पत्नी — नाही.

मागे राहिलेली अपत्यं — नाहीत.

पेन अडलंसुद्धा नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी स्वतःला सांगायला नको की चुकून झालं.

कचेरीतल्या उत्तमरावांनी टाईप करून दिलं, एक पैसा घेतला नाही. "तुया अब्बाच्या हातचा नान खाल्ला हाये आमी," म्हणाले. अब्बांनी कागद डोळ्यांजवळ धरून वर-खाली पाहिला आणि उजवीकडून डावीकडे आपली सही केली. मग कागदाला हात लावून तो हात कपाळाला लावला. मी दुसरीकडे बघत होते.

मला वगळून एवढी वर्षं काढलीत ना? आता वगळणं काय असतं ते त्यांनाही कळू दे. पण त्यांना कळणार कसं, त्यांना वाचताच येत नाही! हा कसला सूड, ज्याचा घ्यायचा त्याला पत्ताच नाही. तरी बरं वाटलं. खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं.

४ मार्च

पोस्टात टाकलं. रजिस्टर.

२८ मार्च

अंजुमनची पोच आली. अब्बांनी ती भट्टीवर भिंतीला लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

रविवार, १८ एप्रिल

आजचा दिवस कसा गेला ते माझं मला माहीत.

अंजुमनचे सेक्रेटरीसाहेब मुंबईला हाजींना भेटायला आले होते, परतताना जलंब जंक्शनला उतरून खास खामगावला आले. आमच्या मोठ्या बाई, सत्यभामाबाई, यांनी शाळेचा हॉल दिला. चाळीसेक माणसं होती. वकील, डॉक्टर, मशिदीतली मंडळी, काही नुसतेच बघे. लढाईच्या वेळी दगड मारणाऱ्यांपैकी दोघं सतरंज्या घालत होते. मला हसू आलं.

सेक्रेटरीसाहेब अंगाने वाळलेले, कोट जुना, पण बोलायला लागले तशी सगळी सभा गप्प झाली. म्हणाले, आमच्याकडे फौज नाही, रेडिओ नाही, फक्त बयानं आहेत. एकेक बयान म्हणजे एकेक घर. ते खोटं निघालं तर बाकीच्या सगळ्यांवरचा विश्वास उडतो, म्हणून आम्ही प्रत्येक शब्द पारखून घेतो. आणि मग माझ्याकडे हात करून म्हणाले, हिंदुस्थानातून आलेलं सर्वांत नेटकं बयान या मुलीने लिहिलंय, आम्ही ते नमुना म्हणून सगळीकडे पाठवतोय!

टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी ते इंग्रजीत मोठ्याने वाचलं. अब्बा पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून, हात मांडीवर ठेवून बसलेले. एक अक्षर कळत नव्हतं, तरी डोळे वाहत होते. अम्मा मागे बायकांत होती. तीही पदराने डोळे टिपत होती.

घरी येताना अब्बांनी विचारलं, "नावं नाही आली माह्या कानावर. दोघींची."

मी म्हटलं, "डॉक्टर फार भरभर वाचत होते, अब्बा."

"हाव," म्हणाले. "भरभर वाचे तो."

१९ एप्रिल

जेवण गेलं नाही.

रविवार, २ मे

शाळेला सुट्टी लागली. दिवसभर घरात. अब्बा बदललेत. भट्टीवर काहीतरी गुणगुणत असतात, आमच्या भाषेतलं नाही, त्यांच्या भाषेतलं. काल अम्माला म्हणाले की छातीवरचा दगड उतरला. अम्मा माझ्याकडे बघून म्हणाली, "तुयामुळं झालं वं पोट्टे." मी पाण्याला म्हणून बाहेर गेले.

राग कुठे गेला ते कळत नाही. शोधते, तर सापडतो, पण पूर्वीसारखा नाही. जब्बारचं आठवलं की येतो. ठाण्यातला बाक आठवला की येतो. पण मग ती दारातून पाहिलेली, गोवर आलेली पोर आठवते. ती आता एकोणतीस वर्षांची असेल. तिला वडिलांचं नाव विचारत होते. तिने काय सांगितलं असेल?

आणि एक सांगू? ती खोटी ओळ मी अब्बांविरुद्ध लिहिली, पण पुसलं गेलं ते तिचं नाव. जिने मला कधी पाहिलंही नाही, तिचं.

१६ मे

अंजुमनला दुरुस्तीचं पत्र लिहायला बसले. पहिलं वाक्यच जमेना. "बयानात नजरचुकीने" — खोटं. "बयान लिहिणारीने जाणूनबुजून" — हे लिहिलं तर सेक्रेटरीसाहेब काय म्हणतील? नमुना म्हणून पाठवलेलं बयान! बाकीच्यांच्या बयानांचं काय होईल? आणि अब्बांना कळेल. ते तर कळेलच.

तीन कागद फाडले. चौथा ठेवलाय, ट्रंकेत कपड्यांखाली.

१३ जून

अंजुमनकडून सगळ्यांना छापील पत्र आलंय. काही उइगर कुटुंबं अफगाणिस्तानच्या बाजूने बाहेर पडून काबूलला पोचलीत. त्यांना पुढे तुर्कस्तानात, म्हणजे टर्कीत, न्यायचं चाललंय. त्यांतले काही जण हिंदुस्थानातल्या नातेवाईकांचा शोध घेताहेत, अंजुमन बयानांवरून नावं ताडून बघतेय.

अब्बांनी ते सात-आठ वेळा वाचलं. मग म्हणाले, "आपलं बयान तं त्यायच्यापाशी हायेच."

उद्या टाकते पत्र. उद्या नक्की.

१४ जून

पोस्ट बंद होतं म्हणणार होते. बंद नव्हतं. मी पेटीपर्यंत गेले आणि परत आले. सोमवारचा बाजार, ओळखीची माणसं, सगळे विचारत होते, अब्बा कसे आहेत? अब्बांची पोरगी म्हणून इतकी माणसं माझ्याशी बोलतात! हातातलं पाकीट पदराखाली धरलं होतं.

रविवार, २७ जून

उद्यापासून शाळा. आज अम्माला सगळं सांगितलं. तिने आधी चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "त्यायनं तुयापासून लपवलं, ते तुले दुखू नये म्हणून. तू त्यायच्यापासून लपवलं, ते त्याईले दुखावं म्हणून. हे दोन्ही एक नाही वं." आणि पुढे म्हणाली, "पत्र टाक. उद्याच टाक. मी चालतो तुयासंगं."

२८ जून

टाकलं. अम्मा बरोबर होती. पेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच निघालो.

मंगळवार, ६ जुलै

अंजुमनचं पत्र आलं, अब्बांच्या नावाने. तारीख २० जूनची, माझं पत्र पोचायच्या आधीची. आयनूर नावाची एक बाई काबूलहून तुर्सुन नानवाईचा शोध घेत होती, गाव आतुश, अडतीस साली हजला गेलेले. परंतु आपल्या बयानात पत्नी नाही, अपत्य नाही असं स्पष्ट असल्याने ते आपण नव्हेत, असं आम्ही तिला कळवलं. आपल्याला त्रास नको म्हणून आपला पत्ता दिला नाही. तिचा जत्था तुर्कस्तानला रवाना झाला आहे, कोणत्या गावी ते अद्याप कळलेलं नाही.

पत्र उर्दूत आहे. मी शाळेतून यायच्या आधीच अब्बांनी ते वाचलं होतं.