जाहिरातीतले बाबा

प्रिय मार्लीन,

टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या जुन्या मालिकांनी माझा सर्व्हर भरला, म्हणून फाइली लहान करायला बसलो. माझा प्रोग्रॅम आधी जाहिराती कापून फेकतो. त्या फेकलेल्या तुकड्यांत बाबा सापडले! कोंबडीचा पोशाख घालून आपल्या दुकानातले गालिचे विकतायत. तेव्हा शाळेत सगळे आपल्याला चिडवायचे, आणि तू घरी येऊन ओरडायचीस, "बाबा, बंद करा ते!"

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी मालिका पुसल्या आणि जाहिरात ठेवली, तीही लहान न करता. कोंबडीचं पीसन्‌पीस दिसतं.

हे पत्र पाठवत नाही, नाहीतर गंमत जाईल; थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू घरी येशील, तेव्हा जेवताना टीव्ही लावीन. 'बंद कर' म्हणालीस, तर रिमोट तुझ्याच हातात देईन.

तुझा आगाऊ भाऊ,
वेंडेल