बावीस मैल, सहा फर्लांग

अहमदनगर,
रविवार, ता. १५ डिसेंबर १९४६

ती. मरियाताईस,
धाकट्या थॉमसचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझी तीन कार्डं पोचली. तिन्हींत प्रश्न एकच, ऑगस्टपासून मी गप्प का. आता सविस्तर लिहितो. मध्येच पत्र बाजूला ठेवून मुलांच्या वह्या तपासायला घेऊ नकोस.

३१ ऑगस्टला पावसाळी शील्डचा शेवटचा सामना झाला. आपला मॉर्निंग स्टार क्लब आणि समोर गोऱ्या पलटणीचा संघ. आपले गडी अनवाणी, ते बुटांत. सहा वर्षांत चार वेळा आपण इथवर आलो आणि चारही वेळा हरलो, हे तुला पाठ असेलच, कारण दर वेळी मीच कळवलं आहे. मी नेहमीप्रमाणे आपल्या गोलमागे, डाव्या खांबापासून चार फुटांवर, हातात घड्याळ घेऊन उभा. एक-एक अशी बरोबरी होती. दोन मिनिटं दहा सेकंद उरली असताना रेफरीने आपल्यावर पेनल्टी दिली. (ती पेनल्टी नव्हती. त्याबद्दल वेगळं पत्र लिहीन.) गोऱ्याने चेंडू उजवीकडे मारला आणि आमचा गोलकीपर, सहा फुटी धडधाकट गडी, डावीकडे उडाला. चेंडू चालत जावा तसा आत गेला. मैदानभर एकच ओरड उठली, चाळणी, चाळणी! त्या गड्याचं नाव मी या पत्रात घेणार नाही. माझ्या छातीत कळ आली आणि मी तिथेच चिखलात बसलो.

घाबरू नकोस. डॉक्टरांनी तपासलं, नाडी एकशे बारा भरली. म्हणाले, हृदय ठीक आहे, स्वभाव ठीक नाही. सामने बंद, मोकळ्या हवेत चाला. किती मैल, असं विचारलं तर म्हणाले, जमतील तितके. शिकलेला माणूस आणि असं मोघम बोलतो! मी कुणा उस्तादाकडे न बसता, मिशनचं बंद पडलेलं घड्याळ उघडून धंदा शिकलो, पण गिऱ्हाइकाला असं उत्तर कधी दिलं नाही.

मनमाड रस्त्याने चालू लागलो. एका पहाटे थंडी वाजली म्हणून थोडा पळालो आणि मग थांबावंसंच वाटेना. आता शनिवारी विळद घाटापर्यंत जाऊन येतो, बारा मैल, पळत. ताई, काय सांगू, पहिले दोन मैल गुडघे कुरकुरतात, तिसऱ्याला श्वास लयीत येतो आणि मग नुसता रस्ता उरतो. फुटबॉलात अकरा जणांच्या पायांवर माझा जीव टांगलेला. इथे पाय माझेच आणि रेफरी नाही. वाटेतला एक मैलाचा दगड मात्र सव्वीस यार्ड चुकीच्या जागी आहे. सायकलचं चाक फिरवून दोनदा मोजलं.

आपली पोर लिडिया दवाखान्याची ड्यूटी करून आली की माझी नाडी बघते. काल साठ होती. तुझ्या भावजयीचा सलाम.

माया आहे तेवढी राहू दे, कमी केलीस तर कळव.
तुझा,
थॉमस


मिरजगाव,
ता. २९ डिसेंबर १९४६

चि. थॉमस यास,
मरियाताईचे अ. आ.

नाताळ सुखाचा गेला. पत्र वाचून आधी घाबरले आणि मग इतकी हसले की शेजारची गोजरबाई बघायला आली. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या हाफ पँट घालून नगरच्या रस्त्याने पळतो! आपले बाबा जन्मात एकदाच पळाले, खोंड सुटला तेव्हा. आमच्या मिरजगावात कुणी पळताना दिसला तर लोक आधी काठी घेतात आणि मग विचारतात. पण साठ नाडीला माझी हरकत नाही. पळ.

आता कामाचं. लिडियाला बावीस सरली. एक स्थळ तू मोडलंस कारण ते लोक चाळीस मिनिटं उशिरा आले. दुसरं मोडलंस कारण मुलाचं घड्याळ अकरा मिनिटं पुढे होतं. आता मी सांगते ते स्थळ नीट ऐक. राहुरीला मी नऊ वर्षं मास्तरीण होते तेव्हा शेजारी राहीबाई म्हणून विधवा होती. माळवं करून, भाजी विकून तिने एकुलता मुलगा शिकवला. कृपादान त्याचं नाव, सव्वीस वर्षांचा, तिथेच शाळेत मास्तर आहे. निर्व्यसनी, आवाज गोड. त्याने लिडियाला नगरच्या प्रार्थनासभेत पाहिलं आहे. लिडियाने मला वेगळं पत्र घातलं आहे, त्यातलं सगळं तुला सांगायचं नाही. एवढंच सांगते, की तिच्या मनात हा मुलगा आहे, आणि याही वेळी बाबांमुळे मोडलं तर मुंबईच्या इस्पितळात नोकरी धरीन आणि पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही असं ती लिहिते. ती तुझीच मुलगी आहे. बोलते ते करील.

राहीबाई २६ जानेवारीला बोलणीसाठी नगरला यायची आहे. एकच दुःख तिच्या मनात आहे. मुलगा शनिवारी नगरला येऊन तुमचा तो फुटबॉल खेळतो. पावसाळ्यात कुणीतरी त्याला चाळणी असं नाव ठेवलं आणि ते राहुरीपर्यंत पोचलं. वर्गातली पोरं फळ्यावर चाळणी काढून ठेवतात म्हणे. तो काही बोलत नाही, पण महिनाभर जेवणावरून अर्धपोटी उठायचा. ज्याने हे नाव पहिल्यांदा काढलं त्याला माझ्या उंबऱ्याला शिवू देणार न्हाई, असं राहीबाईने शपथेवर सांगितलं आहे. तू त्या मैदानावर नेहमीचा. कोण तो दीडशहाणा, जरा शोध काढ.

देवाच्या हाती तुम्हा सर्वांना सोपवते.
तुझी,
ताई


अहमदनगर,
ता. ४ जानेवारी १९४७

ती. ताईस,
स. स. वि. वि.

शोध काढला. तो दीडशहाणा मी.

मैदानभर ओरड उठली असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे, पण पहिला शब्द माझ्या तोंडून गेला. लोकांनी तो उचलला आणि मला त्या वेळी, खरं सांगतो, जरा अभिमानच वाटला. त्या गड्याला आई असेल, त्याचा वर्ग असेल, असा विचार माझ्या मनात आला नाही. माझ्यासाठी तो दोन खांबांमधली एक पाठ होता.

लिडियाला यातलं काही माहीत नाही. तुझं पत्र आल्यापासून ती घरात गुणगुणते आहे. माझ्यापुढे दोन वाटा दिसतात. गप्प बसावं, लग्न होऊन जाईल. किंवा राहीबाईंना सविस्तर पत्र लिहावं. मसुदा केला आहे, सात पानं झाली. काय करू ते उलटटपाली कळव. तीन दिवस झोप नाही आणि पळतानाही पाय जड झाले आहेत.

तुझा,
थॉमस


मिरजगाव,
ता. ९ जानेवारी १९४७

चि. थॉमस,
अ. आ.

सात पानं चुलीत घाल. राहीबाईला वाचता येत नाही. तुझं पत्र तिला तिचा मुलगाच वाचून दाखवील, एवढं तुझ्या डोक्यात कसं आलं नाही?

गप्पही बसू नकोस. नगरात हे पन्नास जणांना ठाऊक असेल. लग्नानंतर कळलं तर ते लिडियाला भोगावं लागेल, तुला नाही. २६ च्या आत राहुरीला जा, तिच्या दारात उभा राहा आणि तोंडाने सांग. ती हाकलून देईल, तर ऐकून घे. तिकडे पेनल्टी होती की नव्हती यावर एक अक्षर बोलू नकोस.

तुझी,
ताई


अहमदनगर,
सोमवार, ता. २० जानेवारी १९४७

ती. मरियाताईस,
स. स. वि. वि.

जाऊन आलो.

शुक्रवारी मोटार स्टँडवर गेलो होतो. पण गाडीत बसून गेलो तर दोन तास सबबी जुळवीत बसेन, हे मला माहीत होतं. शनिवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी दार ओढून घेतलं आणि पळत निघालो. आमच्या दारापासून राहीबाईंच्या दारापर्यंत बावीस मैल सहा फर्लांग. मधे देहऱ्याला चहा घेतला, नऊ मिनिटं.

विळदच्या पुढे मी कधी पळालो नव्हतो. उजाडलं तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी उभी, कणसांवर दव. लोक हुरड्याची आगटी पेटवून बसले होते. मी दिसलो की बोलणं थांबायचं. एका म्हाताऱ्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं आणि कोन गेलं बाबा, असं हळूच विचारलं. मी कुणी नाही म्हणालो तर त्याचा विश्वास बसेना. एका उसाच्या गाडीवाल्याने बैल उभे करून सांगितलं, की मयताची घाई नसती पाव्हणं, बसा गाडीत. या बाजूला रस्त्याने पळतो तो मरणाचा सांगावा घेऊनच, हे मला कळायला हवं होतं. पण मी वाक्यं जुळवण्यात गुंतलो होतो. सात वाक्यं तयार केली होती, पहिल्यात हवामान होतं.

पंधराव्या मैलावर पोटरीत गोळा आला. दोन मैल लंगडत चाललो, मग पुन्हा पळालो. राहुरीत शिरलो तेव्हा दहा वाजून सेहेचाळीस मिनिटं.

राहीबाई अंगणात हरभरा पाखडत होत्या. मी फाटकाशी पोचलो. घामाने निथळलेला, नुसता धापा टाकत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सूप हातातून पडलं आणि त्या मटकन खाली बसल्या. कृपादान आदल्या संध्याकाळीच सायकलने नगरला गेला होता. नगरकडून एक अनोळखी माणूस पळत आला, म्हणजे काय ते त्या समजल्या. माझ्या पोराला काय झालं, ते सांगा, असं त्या कशाबशा म्हणाल्या.

ताई, ती सात वाक्यं कुठे गेली, ठाऊक नाही. मी ओरडलोच, की पोरगा खुशाल आहे, कुणी मेलेलं नाही, मी त्याला चाळणी म्हणणारा माणूस, मी लिडियाचा बाप, मी माफी मागायला आलो आहे. सगळं एका श्वासात, कारण दुसरा श्वास नव्हताच.

त्या पदर डोळ्यांना लावून रडल्या आणि रडता रडता हसू लागल्या. नाव ठिवलं न्हवं, ठिवा की आनखी धा, पोरगं जित्तं हाय ना माजं, असं म्हणाल्या. मग उठून पाण्याचा तांब्या आणला. उंबऱ्याच्या आत बोलावलं.

नंतर चांगलं खडसावलं, ते सगळं मी ऐकलं. पेनल्टीवर बोललो नाही.

लोभ आहेच, त्यात थोडी भर पडली असेल तर ठेवून घे.
तुझा,
थॉमस


मिरजगाव,
ता. ३१ जानेवारी १९४७

चि. थॉमस यास,
ताईचे अ. आ.

राहीबाईचं पत्र आलं, कृपादानच्या हाताने लिहिलेलं. तू जे गाळलंस ते त्यात आहे. भाकरी खाताना तू तिच्या ओसरीवर बसल्या जागी झोपलास, घास हातात. तुला उठवून मोटारीत बसवायला दोन माणसं लागली, आणि झोपेत तू कुणाला तरी कॉर्नर घे, कॉर्नर घे म्हणत होतास. शेजारपाजारचे सगळे बघून गेले. असला व्याही राहुरीत कुनाला न्हाई, असं ती मोठ्या ऐटीत लिहवते. २६ ची बोलणी तुझ्या घरी चांगली झाली, हेही तिच्याचकडून कळलं. लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात. मी इथे एकटीच बसून देवाचे आभार मानले आणि मग अर्धा शेर पेढे एकटीनेच खाल्ले.

पत्राच्या तळाशी कृपादानने स्वतःच्या चार ओळी घातल्या आहेत, आईला न वाचून दाखवता. तो लिहितो, की मला नाव कुणी ठेवलं ते त्याच दिवशी ठाऊक होतं, सहा वर्षं तो आवाज माझ्या पाठीमागे चार फुटांवर आहे. त्या पेनल्टीला मी उजवीकडेच उडणार होतो. मागून मामा (म्हणजे तू) डावीकडे, डावीकडे म्हणून ओरडले. वडील माणूस, घड्याळ घेऊन उभा असतो, त्याला काही दिसलं असेल, म्हणून मी डावीकडे गेलो. आईला हे सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.

थॉमस, त्या चार ओळी मी चष्मा पुसून पुन्हा वाचल्या.

त्याची एकच अट आहे. यापुढे मामांनी प्रत्येक सामन्यात समोरच्या संघाच्या गोलमागे उभं राहावं आणि त्यांच्या गोलकीपरला मार्गदर्शन करावं. हाफटाइमला बाजू बदलतात, तेव्हा मैदानाला वळसा घालून पळत दुसऱ्या टोकाला जावं. पळायची मामांना आता सवय आहेच.

तुझी,
ताई


अहमदनगर,
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी १९४७

ती. मरियाताईस,
स. स. वि. वि.

डावीकडे मी म्हणालो होतो. तुला लिहिलं नाही, घरात बोललो नाही. विळदच्या रस्त्यावर मात्र रोज स्वतःशी बोलत आलो आहे. शनिवारी संध्याकाळी कृपादानला मैदानावर गाठून तेही सांगून टाकलं. तो हसला आणि म्हणाला, मामा, गोऱ्याने चेंडू मधोमध मारला असता तर दोघंही चुकलो असतो. सामना हरूनही इतकं हलकं वाटतं, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी सामने बघायला परवानगी दिली आहे, तोंड मिटलेलं असेल तर. दोघांच्याही अटी मान्य, असं मी डॉक्टरांना आणि कृपादानला कळवलं. रविवारी उपासनेनंतर मैदान रिकामं होतं, तेव्हा एका गोलपासून कडेने दुसऱ्या गोलपर्यंत पळून पाहिलं. घड्याळ लिडियाच्या हातात दिलं होतं. एकेचाळीस सेकंद, असं ती म्हणाली. पण ती कंबरेवर हात ठेवून इतकी हसत होती, की आकडा बरोबर असेल याची मला मुळीच खात्री नाही. मी पुन्हा मोजलं नाही.

लग्नाला आठ दिवस आधी ये, आणि येताना माया घेऊन ये, ओझं झाली तरी.
तुझा,
थॉमस