तळ्याकाठचे तेवीस खांब

८ ऑक्टोबर २००७, सोमवार
मोडेमचा दिवा सकाळपासून चारदा विझला. सुजूची फाईल तीनदा अर्ध्यावर तुटली. परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला लावून ऐकायचं, टाईप करायचं आणि परत पाठवायचं, असं तिचं घरबसल्या काम. दोन वर्षांपूर्वी पोरगी सासरहून आली तेव्हा जेवायलासुद्धा उठत नव्हती. हे काम लागल्यापासून माणसात आली. आता कंपनीचा मेल: नोव्हेंबरअखेर नेटचा स्पीड सुधारा, २५६ केबीपीएस स्थिर हवा, नाहीतर काम बंद. आमच्याकडे साठ-सत्तर, तेही लहर लागली तर.

एकतीस वर्षं लाईनमन होतो. अख्ख्या नंदाखाल गावचे फोन चालू केले आणि माझ्याच घरात ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार.

१० ऑक्टो.
स्वयंपाकघरातला जादा फोन काढला. फिल्टरशिवाय लावलेला होता, माझाच उद्योग. नव्वदवर गेलं. सौ. म्हणते, आता भाजी चिरताना बहिणीशी बोलायचं कसं? म्हटलं, बाहेर येऊन उभ्याने बोल, लवकर आटपेल. दिवसभर अबोला.

१४ ऑक्टो., रवि.
शिडी लावून छपराखालचा जॉइंट सोडला. तार हिरवी पडलेली. सोलली, घासली, नवा पीळ दिला. शंभर! सुजूने टाळी वाजवली. चार वाजता पुन्हा सत्तर.
फोनवर आवाज मात्र खणखणीत. हे काही डोक्यात शिरत नाही.

१८ ऑक्टो.
फ्रान्सिसला बोलावलं. माझ्या हाताखाली शिकलेला, आता त्याचेच केस पिकले. मोडेमच्या पानावर त्याने एक आकडा दाखवला, तारेत किती गळतं त्याचा. एकसष्ट. पन्नासच्या आत पाहिजे.
"काका, आवाजाला कितीपण लांब चालतं. नेटला नाय चालत. तार जेवढी लांब, तेवढं वाटेत गळतं. जॉइंट घासून काय होनार?"
मग खांब मोजत तळ्यापर्यंत जाऊन आला. तेवीस. रस्त्यावरच्या टेलिफोनच्या डब्यापासून मधल्या वाडीतून सरळ आलं असतं तर पाचात भागलं असतं.
"काका, तुम्ही स्वतः लाईन टाकली ना? मग तळ्याला वळसा कशाला?"
मी म्हटलं, दादाने त्याच्या वाडीत खांब घालू दिला नाही.
सुजू दारात होती. तिने ऐकलं. तिला नवीन नाही, अकरा वर्षं ऐकते आहे.

१९ ऑक्टो.
इथे तरी खरं लिहावं.
दादाने नाही म्हटलंच नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. ९६ साली लाईन मंजूर झाली तेव्हा विहिरीच्या पाण्यावरून आमचं बोलणं बंद होतं. त्याच्या दारात जाऊन 'खांब घालू का' म्हणायचं? मी? ऑफिसात सांगितलं जागा मिळत नाही, घरी सांगितलं दादा नाही म्हणाला. तळ्याकाठून तेवीस खांब फिरवले. फोन लागला, घरात पेढे वाटले. पुढे सुजूच्या लग्नाला सख्ख्या भावाला बोलावलं नाही. का? त्याने आमचा खांब अडवला म्हणून.
तारेतून पुढे नेट जाणार आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं? पण ही पळवाट झाली.

२७ ऑक्टो.
सुजू विरारला सायबर कॅफेत जाऊन आली. तिथे चालत नाही. पेशंटांची माहिती बाहेरच्या मशीनवर उघडायची नाही असा कंपनीचा नियम. शिवाय गोंगाट. उजव्या कानाने तिला कमी ऐकू येतं. लग्नाआधी दोन्ही कान ठणठणीत होते. काय झालं ते मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. मीही विचारलं नाही. विचारणं मला कधी जमलंच नाही.
जेवताना म्हणाली, "काम गेलं तर परत जाईन म्हणते. त्यांचे निरोप येताहेत."
सौ.च्या हातातला डाव तसाच राहिला.
"सख्खा काका एक खांब घालू देत नाही बाबा. मग सासरच्यांनाच काय नावं ठेवायची? सगळीकडे सारखंच."


२ नोव्हें.
दादाच्या फाटकापर्यंत गेलो. वहिनी अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होत्या. त्यांनी बघितलं. मी मान वर करून रस्त्यावरच्या फोनच्या खांबाकडे बघत राहिलो, जसा काही ड्युटीवर आहे. परत आलो. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, वहिनींनाही ठाऊक आहे.

१० नोव्हें., पाडवा
गेलो एकदाचा. हातात चिवड्याचा डबा, म्हणजे नुसता चिवडा द्यायला आलो असं म्हणता यावं.
दादा म्हातारा झाला. गुडघ्यावर हात टेकून उठला.
"वाडीतून तार न्यायची होती. पाच खांब."
"ने की."
"तेव्हा..."
"तेव्हा तू इचारलंसच कधी? मी आपला वाट बघत होतो. म्हटलं लाईनमन भाऊ आहे, कधीतरी येल खांब घेऊन."
वहिनींनी चहा दिला. भांडलो असतो तर बरं वाटलं असतं.

१३ नोव्हें.
ऑफिसात खांब नाहीत. एका घरासाठी नवी लाईन मिळणार नाही, साहेब म्हणतात. अर्ज ठेवून घेतला. तो कुठल्या फायलीत जातो ते मला चांगलं माहीत आहे, मीच लावायचो.

१८ नोव्हें., रवि.
दादाने आपणहून पाच पोफळी पाडल्या. उभ्या, भरल्या पोफळी. सोट तासून खांब केले. म्हणाला, "लोखंडाचे नाय तर नाय. दोन-तीन वर्षं सहज उभे राहतील." फ्रा. सुट्टी असून आला, जुन्या तारेचं वेटोळं घेऊन. तिघांनी मिळून खांब उभे केले. माझ्या हातांना फोड आले, त्याचा आनंद झाला.
सुजू चहा घेऊन वाडीत आली. काकाच्या हातात कप देताना तोंड दगडासारखं. मग म्हणालीच, "काका, आज पोफळी तोडल्यात. तेव्हा एक खांब का नाही घालू दिलात?"
माझा हात तारेवरच राहिला. फ्रा. खाली बघू लागला.
दादाने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही.
"डोकं फिरलं होतं बाय माझं तेव्हा," म्हणाला आणि चहा प्यायला.
मी तारेचा पीळ आवळू लागलो. तिघांत सगळ्यात नालायक कोण ते मला कळलं.

२० नोव्हें.
नवी तार जोडली. आकडा बावन्न. स्पीड एकशे तीस.
एकशे तीस.
फ्रा. म्हणाला, "काका, तळ्याची लांबी गेली. पन एक्स्चेंजपासून रस्त्यावरच्या डब्यापर्यंत जमिनीतली केबल हाय ना, ती कोन आखूड करनार? गावच लांब हाय."
महिनाभर वळसा वळसा म्हणून जिवाला लावून घेतलं आणि वळसा काढल्यावर कळलं, सरळ वाटसुद्धा पुरत नव्हती. तेव्हाच पाच खांबांवरून आणली असती तरी आज हेच झालं असतं. हसावं की रडावं.

३० नोव्हें.
कंपनीचा मेल आला. दोन ओळी. सुजूने हेडफोन गुंडाळून डब्यात ठेवला, वर रुमाल घातला. रडली नाही.

१ डिसेंबर, शनि., दुपार
उद्या सासरचे येणार. सुजूने कपाटावरची बॅग खाली काढून पुसली. सौ. देवासमोर बसली आहे, उठत नाही. मी म्हटलं, नको जाऊस. दुसरं काही बघू. स्पीड काय, आज नाही तर वर्षाने...
"बाबा, माणसं सुधारतात," ती म्हणाली. "काकांचंच बघा ना. एवढा अडवणारा माणूस, स्वतःच्या पोफळी तोडल्या त्याने. डोकं फिरलं होतं म्हणाले, तोंडावर कबूल केलं. तिकडे माझा नवराही सुधारला असेल. एक संधी द्यायला काय जातं?"
बोलताना डावा कान माझ्याकडे वळवला होता.

म्हणजे पोर कशाच्या भरवशावर परत चालली आहे? जो कधी वाईट नव्हताच, तो सुधारला म्हणून.
म्हटलं, बस जरा, खांबाचं एक सांगायचं राहिलं आहे. म्हणाली, चहा टाकून येते मग सांगा. आत भांड्याचा आवाज येतो आहे. आता साखर घालत असेल. ती येईपर्यंत सुरुवात कशी करायची ते ठरवतो आहे.
आली.