बुडालेली कॉफी

सोलापूर. चैत्र, मंगळवार, दिवेलागणीला.

सात रस्त्यावरच्या माझ्या दुकानातली कॉफीची पूड आज गिऱ्हाइकानं परत आणली. म्हणे, तळाला गाळ बसतो. चिमूटभर पूड गार पाण्यावर टाकून पाहिली. खरी कॉफी तरंगते. ही अर्धी बुडाली!

संशय मल्लप्पाचाच आला. कानडी डोंगरातल्या लहान लहान बागांमधल्या बिया तोच गोळा करून आणतो. दुपारी आला तसा त्याला धरला. तो भडकला, "मालक, पोत्यात हात घालून बगा की!" घातला, पार तळापर्यंत. सगळ्या कच्च्या, अख्ख्या बिया. मग पाण्यात बुडालं ते काय?

बिया भाजणं, दळणं आमच्याच घरात होतं. ते काम आमच्या हिचं. आता हिच्यावर संशय घ्यायचा? छे! पण अर्धी पूड बुडाली ती बुडालीच.

आणि आता आठवतंय. काल तो घोंगडीवाला, घोंगड्यांना खळ द्यायला दरसाल आमच्याकडून चिंचोके नेतो तो, आला होता. ही दारातूनच म्हणाली, "औंदा चिंचोके न्हाईत."

परसातली चिंच तर औंदा फांद्या वाकेपर्यंत लगडली होती.