संगप्पाचा लायटर

लातूर, मंगळवार. वैशाखातली संध्याकाळ.

पाण्याचा टँकर आजपण आला नाही. पण मनाला टोचून राहिलंय ते दुसरंच.

संगप्पा गेल्या महिन्यात देगलूरला बदलून गेला. नवा जिल्हा झाला तेव्हा आम्ही दोघं एकाच ऑर्डरीवर इथं आलो, मावशींची ही खोली भाड्यानं घेतली. जाताना त्यानं त्याचा बंद पडलेला लायटर माझ्या उशाशी ठेवला. "तू बिडी ओढत न्हाईस, पण दुरुस्त कर. स्टोव्हला कामाला येईल." चालू होता तेव्हाही तीन खटक्यांशिवाय कधी पेटला नाही. खट, खट, खट.

मी शहाणा! पलीकडं राहणाऱ्या मावशींकडून देवाची वात मागून आत कोंबली, वर रॉकेल ओतलं. नुसता धूर. शेवटी गोलाईच्या बाजारात नेला, तर घड्याळवाला हसला, "साहेब, ही काय समई हाय व्हय? ह्याला पेट्रोल लागतंय." त्यानं काजळी पुसली, लायटरची वात ओवली, ठिणगीचा नवा खडा बसवला.

आता एकाच खटक्यात पेटतो. आनंद व्हायला पाहिजे होता. झाला का? मघाशी उगाच पेटवला, झाकण मिटलं, पुन्हा पेटवला, मिटलं, पुन्हा पेटवला. तीन खटके.

भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला, "संगप्पा आले का हो? चहा टाकू?"

"न्हाई मावशी. मीच हाय."

पलीकडं चहाचं भांडं परत फळीवर ठेवल्याचा आवाज आला.