झऱ्याकाठची तिसरी फेरी

१७ मार्च १७८८, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने.

१. कोर्टाच्या आवारात मतदान झालं. नवी राज्यघटना व्हर्जिनियाने स्वीकारायची की नाही, हे ठरवायला जूनमध्ये रिचमंडला सभा आहे. आमच्या जिल्ह्यातून दोघांनी जायचं.
२. नेहमीच्या रीतीने प्रत्येक जमीनमालकाने शेरीफसमोर मोठ्याने आपल्या उमेदवाराचं नाव घेतलं. ज्याचं नाव घेतलं तो उठून आभार मानी. बाबा दिवसभर उठबस करत होते.
३. बाबा निवडून आले. घटनेच्या विरोधात.
४. शेजारच्या गालब्रेथकाकांनी सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, पिंप उघडलं.
५. त्यांच्या मुलाने, रॉबिनने, सगळ्यांदेखत माझा हात धरला. मी सोडवून घेतला नाही. लग्न नोव्हेंबरात.

२ एप्रिल

बाबा भाषणाची तयारी करताहेत. मी चरखा चालवत ऐकते.

त्यांचं म्हणणं साधं आहे. आज फिलाडेल्फियाच्या कुणी व्यापाऱ्याने आपल्या रानावर हक्क सांगितला, तर खटला इथेच चालतो. ज्यूरीतले बारा जण शेजारीच असतात. दर चार वर्षांनी तेच सगळी शीव चालतात, झाडांवरच्या जुन्या खुणांवर नवे घाव घालतात. नव्या राजवटीचं कोर्ट कुठेतरी लांब असेल. "तिथल्या न्यायाधीशाला ओक कुठला नि अक्रोड कुठला हेही कळायचं नाही, आणि तो तुमच्या शेताचा निकाल देणार!"

हे त्यांच्या तोंडून ऐकावं. जमिनीच्या मोजणीत सारं आयुष्य गेलं त्यांचं. मला साखळी धरायला शिकवली तीही त्यांनीच. आता त्यांची नजर अधू झाली म्हणून होकायंत्र मी बघते.

९ एप्रिल

बाबांना सभेपुढे ठेवायला एक लाकूड हवंय. गालब्रेथकाका आणि एशेलमनबाई यांच्या शिवेवर, झऱ्याजवळ, कोपऱ्याचा ओक आहे. त्याच्या खुणेचा ठोकळा कापून आण म्हणाले. आजोबांच्या काळातला घाव आत, त्यावर दर वर्षाचं एक अशी वाढीची कडी. "मी बोलायलाच नको, लाकूडच बोलेल."

उद्या करवत घेऊन जाते.

१० एप्रिल

कापला. घाव बुजवत आलेली कडी मोजली. परत मोजली. ओली करून मोजली.

आठ.

तीसच्या वर असायला हवीत. हे झाड कोपऱ्याचं नाहीच! खरा कोपरा शोधला — झऱ्याच्या अलीकडे, काकांच्या बाजूला, वेलींखाली कुजलेला जुना खुंट. बुंध्यावर मोजणीच्या तीन खाचा अजून बोटांना लागतात.

म्हणजे झरा एशेलमनबाईचा.

११ एप्रिल

बाबांना सांगितलं. मला वाटलं, चूक कळली की माणूस दुरुस्त करतो, एवढंच. बाबांनी ठोकळा मांडीवर घेतला, अंगठा फिरवत राहिले.

आठ वर्षांपूर्वीची शीव चालण्याची ती फेरी त्यांना आठवते. लढाईचे दिवस. निम्मे जण सैन्यात, उरलेले थकलेले. ज्याची जमीन त्याने पिणं द्यायचं आणि पहिला घाव घालायचा, ही रीत. कोपऱ्याचा जुना ओक वादळात पडलेला. गालब्रेथकाका पुढे झाले, म्हणाले हाच तो, आणि कुऱ्हाड घातली. मागोमाग बाकीच्यांनी. कुणी खोटं बोललं नाही. एशेलमनबाई एवढंच म्हणाली होती, "हे माझं झाड नव्हे." कोर्टात सांग म्हटलं, तर शपथ घेणं तिच्या डंकर पंथात पाप. शपथ नाही म्हणून साक्ष नाही. चार वर्षांनी परत तोच घाव.

तीन फेऱ्या हरकतीविना झाल्या की शीव कायमची. तिसरी या ऑक्टोबरात.

बाबा म्हणाले, "जेनेट, हे आत्ताच कळायला हवं होतं का?"

 

२६ मे

बाबा निघाले. खोगिराच्या पिशवीत ठोकळा ठेवताना पाहिलं. 

१५ जून

एशेलमनबाई ओढ्यावरून पाणी नेताना दिसली. दोन बादल्या, चढ. मी म्हटलं, काकांनी झरा अडवलेला नाही ना? नाही, म्हणाली. भला माणूस आहे, हवं तेव्हा ने म्हणतो. "पण पोरी, विचारून आणलेलं पाणी जड लागतं."

एक बादली मी घेतली. खरंच जड होती.

५ जुलै

बाबा परतले. घटना मंजूर झाली. दहा मतांनी! दुरुस्त्या नंतर सुचवू, असं ठरलंय.

बाबांनी विरोधात मत दिलं. भाषण केलं नाही.

जेवण झाल्यावर आपणहून बोलले. एकदा उठले होते, अध्यक्षांनी बोला म्हणून मानही हलवली होती. "आमचे बारा शेजारी चुकत नाहीत, हे वाक्य तोंडाशी आलं. पिशवीत ते लाकूड. मी खाली बसलो." थोड्या वेळाने म्हणाले, ते कोर्ट लांबचं असणार, आंधळं असणार, श्रीमंताचंच असणार, याबद्दल त्यांना आजही शंका नाही. "पण आमचं जवळचं कोर्ट डोळस आहे, हे मला शपथेवर म्हणता आलं नसतं."

दहा मतं. एका भाषणाने सहा जण फिरले असते का? असं गणित मांडता येत नाही. तरी सारखं मांडतेय.

६ जुलै

प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर बाबांना घेरलं. रिचमंडच्या खानावळीत जीभही गहाण पडते काय, असं कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने गालब्रेथकाका — "आम्ही तोफ पाठवली, तिने नुसता धूरही काढला नाही!" बाबाही हसले. कारण सांगितलं नाही. काकांचीच अब्रू झाकत होते ते.

२० जुलै

रॉबिनला खुंट दाखवला. खाचांवर त्याचाच हात ठेवला.  मग हसला. "अगं, तो तुकडा आपल्यालाच मिळणार. नोव्हेंबरनंतर झरा तुझाच की! स्वतःच्याच विरुद्ध मोजणी करणारी बाई मी पहिल्यांदा बघतोय."

त्याचं हसू मला आवडतं. ते आजच का आठवावं?

३ ऑगस्ट

रॉबिनला चिठ्ठी पाठवली. मजकूर असा:

"तुझ्या वडिलांनी तिसऱ्या फेरीआधी बारा जणांना झऱ्यावर बोलवावं आणि जुन्या खुंटापासून शीव धरावी. आपली चूक आपणच सुधारली, तर बाबांना जे बोलता आलं नाही ते खरं ठरेल. तू त्यांच्याशी बोलशील का? नसशील, तर ऑक्टोबरात मी कोर्टात उभी राहीन. एशेलमनबाईला शपथ घेता येत नाही. मला येते. शनिवार, ९ ऑगस्टपर्यंत उत्तर दे."