नमुन्याचा पाठ

जालना,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय उषा,

अनेक आशीर्वाद. ओळी चढउतार झाल्या आहेत, अक्षर वाटाण्याएवढं आलं आहे, हसू नकोस. दिवसभर मुलींपुढे बोलून अंग आंबून जातं, मग टाकही जड वाटतो. तुझं कार्ड टपालवाल्याकडून दोनदा वाचून घेतलं. मुलाखतीला येत नाही म्हणतेस, आणि कारण एका ओळीचंही देत नाहीस. मी ते ऐकलंच नाही असं धरते. तुझ्या नावानं अर्ज मीच टाकला आहे, तेव्हा तयारीचं सांगणंही माझ्याकडेच आलं.

आधी तारखेचं. बोलावणं वीस खुर्दादचं आहे. ही सरकारी तारीख कुठल्या तिथीला पडते ते जोशीबुवांना विचारू नकोस, चावडीवर पटवाऱ्याला विचार. माझ्या वेळी अण्णांनी पंचांग उघडून मोठ्या विश्वासानं दिवस काढला, केदारखेड्याहून बैलगाडीत घालून मला आणलं, आणि आम्ही एक दिवस उशिरा पोचलो. जागा गेली होती. दुसरी निघेपर्यंत वर्ष गेलं, आणि ते वर्षभर अण्णा पंचांगालाच शिव्या देत होते.

लुगडं साधं पण धुतलेलं नेस. तपासणीच्या मोठ्या बाई हैदराबादच्या आहेत, त्या आत आल्या की कपाळाशी हात नेऊन आदाब कर. उर्दूचा उतारा वाचायला देतील. अडलीस तर थांब, पण मनचं जोडून वाचू नकोस. सासरची परवानगी आहे का, हेही विचारतील. तेव्हा मान खाली घालू नकोस. श्रीपतराव गेल्याला तीन वर्षं झाली, त्यात तुझा काही गुन्हा नाही. सासऱ्यांच्या सहीचा कागद पुढे कर आणि हो म्हण. सातवी पास झालेल्या बाईनं मंठ्याला दिराच्या चुलीपुढे उभा जन्म काढावा, हे मला बघवत नाही.

खरी परीक्षा नमुन्याच्या पाठाची. खडू आधी मोडून घे, अख्खा खडू किरकिरतो. शिकवताना मुलींकडे बघ, बाईंकडे नको. आणि पुस्तक नवंच घे. तिसरीचं पुस्तक यंदा बदललं आहे. कव्हर तेच, पण जुन्यात चौदावा धडा उंटाचा होता, नव्यात विहिरीचा आहे.

हे मी कशी शिकले ते सांगायला लाज वाटते. माघात तपासणी झाली. मोठ्या बाई वर्गात बसल्या होत्या. मी पुस्तक समोर धरून उंटाचा धडा खडाखडा वाचला, आणि मुलींच्या हातात विहीर. एकही मुलगी हसली नाही, एकीनंही बोट वर केलं नाही, सगळ्या माना खाली घालून बसून राहिल्या, हे मला मागाहून कळलं. बाईंनी माझ्या हातातलं पुस्तक हळूच काढून घेतलं आणि मला खुर्ची दिली. दोन वर्षं मी पाठांतरावर शिकवत होते, उषा. दवाखान्यात काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. आमची घंटा वाजवणारी गोजरबाई त्या दिवशी मला खोलीपर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "बाई, दिसत न्हाई तर कशाला जीवाला तरास करून घेऊन राह्यल्या? धाकट्या बाईला बोलवा की जल्दी."

तर ही रिकामी जागा माझी आहे. तुला ते कळलं आहे, म्हणूनच तू नाही म्हणतेस. अक्काच्या पुढचं ताट कसं ओढू, असं तुझ्या मनात आहे. अगं, ताट मीच सारलं आहे. राजीनामा महिन्यापूर्वीच लिहून दिला. दुसरी कोणी आली तर शाळेमागची ही खोली सुटेल, मला भाऊबंदांच्या दारी जावं लागेल, आणि तू तिकडे भाकरी थापत राहशील. तुझ्या भल्याचं म्हणून एवढं लिहिलं, पण खोटं कशाला बोलू? मी फार थकले आहे, आणि मला तू जवळ हवी आहेस. ये. आलीस की उंबऱ्यात नुसती हसत उभी राहू नकोस, हाक मार. नुसती हसलीस तर मला कळायचं नाही.

तुझीच,
ताराअक्का